नेप्तीला आधी कोण विचारते?

७ डिसेंबर २०२३ या एकाच तारखेला केंद्र सरकारने दोन आदेश काढले. एकाने दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. दुसऱ्याने साखर कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल बनवायला मनाई केली. कारण दोन्हीकडे सारखेच होते: पाऊस कमी झाला आहे, उत्पादन घटणार आहे, तेव्हा देशातल्या ग्राहकाला कांदा आणि साखर परवडली पाहिजे. हे दोन्ही आदेश एकाच दिवशी अंगावर घेणारे जिल्हे फार नसतील, पण अहिल्यानगर त्यांतला एक आहे. पारनेर, नगर, राहुरी आणि नेवासे तालुक्यांतला कांदा नेप्ती आणि घोडेगावच्या बाजारात येतो. उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या पाण्यावर ऊस उभा असतो, आणि सहकारी साखर कारखान्याची वाट इथल्याच लोणी गावाने १९५०-५१च्या गळीत हंगामात देशाला दाखवली. डिसेंबरात बाजारात येतो तो लाल कांदा. गावरान कांद्यासारखा तो चाळीत महिनोन्‌महिने ठेवता येत नाही, त्यामुळे भाव पडला तरी विकावाच लागतो. इथेनॉलचा आदेश आठच दिवसांत सैल झाला आणि १७ लाख टन साखरेपुरती मुभा मिळाली. कांद्याची बंदी ३१ मार्चपर्यंत होती, ती पुढे बेमुदत वाढली आणि अखेर ४ मे २०२४ रोजी उठली. नगर आणि शिर्डी मतदारसंघांत मतदान १३ मे रोजी होते. उसाची बाजू मांडायला संघटित कारखाने होते, तिथे सुधारणा आठ दिवसांत झाली. कांद्याला जवळजवळ पाच महिने थांबावे लागले.

हे आदेश चूक होते की बरोबर, यावर अर्थशास्त्रज्ञांत दोन मते आहेत आणि राहतील. माझा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. अन्नाविषयीची धोरणे ठरवताना लोकांना विचारावे, हे तत्त्व आज कोणीच नाकारत नाही. सरकारी कागदपत्रांत ‘लोकसहभाग’ हा शब्द इतका मुक्तहस्ते वापरलेला असतो की तो आता डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. वाद आहे तो कधी विचारायचे, याचा. निर्णय झाल्यावर विचारले, तर लोकांच्या हाती होकार किंवा विरोध एवढेच उरते. प्रश्न अजून घडत असताना विचारले, तर लोक उत्तरात भर घालतात. आपल्याकडच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या नोंदी पाहिल्या, तर लोकसहभागाचे यश किती लोकांना विचारले यावर जेवढे अवलंबून राहिले, त्याहून कितीतरी अधिक ते विचारण्याच्या वेळेवर अवलंबून राहिले, असे दिसते. त्यांतली अनेक उदाहरणे या एका जिल्ह्याशी जोडलेली आहेत.

उशिरा विचारण्याचे सर्वांत बोलके उदाहरण तीन कृषी कायद्यांचे. केंद्राने ५ जून २०२० रोजी हे कायदे आधी अध्यादेश म्हणून आणले. २०१४ साली केंद्रानेच ठरवलेल्या धोरणानुसार कोणत्याही कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. अध्यादेशाच्या वाटेने ते तीस दिवस वगळले गेले. सप्टेंबरात संसदेने कायदे केले, नोव्हेंबरात शेतकरी दिल्लीच्या सीमांवर बसले. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती देऊन चार जणांची समिती नेमली. तिच्यातले एक, अनिल घनवट, श्रीगोंदे तालुक्यातले आणि शेतकरी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष. एका सदस्याने अंग काढून घेतल्यावर उरलेल्या तिघांनी काम पुरे केले आणि मार्चमध्ये बंद लिफाफ्यात अहवाल दिला. न्यायालयाने तो जाहीर केला नाही. नोव्हेंबरात कायदे मागे घेतले गेले आणि मार्च २०२२ मध्ये घनवट यांनीच अहवाल जाहीर केला. समितीशी बोललेल्या ७३ संघटनांपैकी ६१ संघटनांचा कायद्यांना पूर्ण पाठिंबा होता, असे त्यात म्हटले आहे.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वापरला गेला. कायद्यांचे समर्थक म्हणाले, पाहा, बहुसंख्य शेतकरी बाजूने होते. विरोधक म्हणाले, समितीच समर्थकांची होती, मग तिच्याकडे गेले कोण? सीमेवर बसलेल्या संघटनांनी समितीपुढे जायचेच नाकारले होते. माझ्या मते दोघेही आकड्यावर नको तितके ओझे टाकतात. निर्णय होऊन गेल्यावर मोजलेले मत कोण कुठल्या बाजूला उभा आहे एवढेच सांगते. कायद्यातले कोणते कलम कोणाला का अडते, हे त्यातून कळत नाही. बाजार समितीबाहेर व्यवहार करणाऱ्या व्यापाऱ्याने पैसे बुडवले तर शेतकऱ्याने दिवाणी न्यायालयाऐवजी प्रांताकडे का जायचे, हा त्या कायद्यांतला एक साधा प्रश्न होता. मे २०२० मध्ये मसुदा श्रीगोंद्याच्या, राहुरीच्या किंवा पंजाबातल्या संगरूरच्या बाजारात वाचला गेला असता, तर ते कलम कदाचित महिन्याभरात बदलले असते. जानेवारी २०२१ मध्ये कलमांवर बोलायला कोणी तयार नव्हते, कारण तोवर भांडण मानाचे झाले होते. घनवटांसारखा खुल्या बाजाराचा जुना पुरस्कर्ता आणि पंजाबातला हमीभावाचा आग्रही शेतकरी यांची खरी चर्चा घडण्याची संधी देशाने गमावली. वर्षभराच्या आंदोलनाचे मोल सांगताना हे नुकसान सहसा कोणी मोजत नाही.

दार वेळेवर उघडले नाही की लोक भिंतीकडे वळतात. राहाता तालुक्यातल्या पुणतांब्याने ते २०१७ मध्ये दाखवले. एप्रिलमध्ये गावच्या ग्रामसभेने ठराव केला की शेतकरी १ जूनपासून संपावर जातील, शहरांना भाजीपाला आणि दूध पाठवणार नाहीत. कामगाराने संप करावा तसा शेतकऱ्याने करायचा, ही कल्पना अनेकांना हास्यास्पद वाटली. जूनच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यांवर दूध ओतले गेले, बाजार समित्यांत आवक आटली, आणि महिना संपायच्या आत राज्य सरकारने ३४ हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा केली. दूध ओतणे मला कधीच पटले नाही. ज्या घरात पोरांना दूध मिळत नाही, त्या घराला तो निषेध कसा दिसला असेल? पण या घटनाक्रमातली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पुणतांब्याने ठराव ग्रामसभेत केला. घटनेने दिलेल्या सर्वांत खालच्या सभागृहात, रीतसर. मागण्यांत कर्जमाफीबरोबर उत्पादनखर्चावर आधारित हमीभाव आणि दुधाचा दर हेही होते, म्हणजे सरळसरळ अन्नधोरण होते. ग्रामसभेचा असा ठराव दिल्लीत किंवा मुंबईत एखाद्या टेबलावर पोचण्याची सोय व्यवस्थेत असती, तर तो पोचवायला पुरवठा तोडावा लागला नसता. आणि सरकारने दिले ते काय? ज्यावर वाटाघाट सर्वांत सोपी, ती कर्जमाफी. भावाचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

आता आधी विचारल्याची उदाहरणे पाहू. वाणांचे संरक्षण आणि शेतकरी हक्क यांचा २००१चा कायदा १९९९ मध्ये विधेयक म्हणून आला, तेव्हा त्याचा रोख मुख्यतः नवे वाण काढणाऱ्या पैदासकारांच्या हक्कांवर होता. जागतिक व्यापार संघटनेची अट पुरी करायची होती. विधेयक संसदेच्या संयुक्त समितीकडे गेले, समितीने शेतकरी आणि संस्थांचे म्हणणे ऐकले, आणि बाहेर पडलेल्या कायद्यात शेतकऱ्यांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण होते. त्याचे ३९वे कलम सांगते की शेतकरी आपल्या शेतातले बियाणे राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो आणि विकूही शकतो. फक्त छापील नावाच्या पिशवीत भरून विकता येणार नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात, नाचणी यांची गावरान वाणे जपली, बायफ संस्थेच्या साथीने बीज बँक उभारली आणि त्यासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. ही कथा आता सर्वांना ठाऊक आहे. तिच्याखालची कायद्याची जमीन मात्र कोणी सांगत नाही. कोंभाळण्यातली बाई शेजारच्या गावातल्या बाईला मूठभर वाल देते आणि पुढच्या वर्षी तेवढेच किंवा थोडे जास्त परत घेते, हा व्यवहार उजळ माथ्याने चालतो, कारण सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी मसुदा कच्चा असतानाच समितीपुढे जाऊन बोलले होते.

बीटी वांग्याचेही तसेच. तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये मंजुरी दिली होती, पण पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी अंतिम शब्द देण्याआधी सात शहरांत जाहीर सभा घेतल्या. त्यांतली एक नागपूरला झाली. सभा गोंधळाच्या होत्या, आरडाओरडही झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांनी स्थगिती दिली आणि सोबत आलेली निवेदने व शास्त्रज्ञांची पत्रे शेकडो पानांच्या अहवालात छापून टाकली. स्थगितीशी मतभेद असणाऱ्यालाही निर्णय कशावरून झाला, हे वाचता येते. कांदा निर्यातबंदीबाबत असे एक पानही सापडायचे नाही. अन्नसुरक्षा कायद्याचे उदाहरण तर आणखी मोठे. २०११चे विधेयक लाभार्थ्यांचे दोन गट करत होते, एकाला माणशी सात किलो, दुसऱ्याला तीन. नागपूरचे खासदार विलास मुत्तेमवार यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीने आलेल्या सूचना वाचून जानेवारी २०१३ मध्ये ही विभागणी मोडीत काढायला आणि सरसकट माणशी पाच किलोची शिफारस करायला मागेपुढे पाहिले नाही. आज शिधापत्रिकेवर प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो मिळते, ते या बदलातून आले. अन्न अधिकार मोहिमेला पाच किलोही अपुरे वाटत होते आणि डाळ-तेल हवे होते. तेवढे मिळाले नाही. पण कायद्याचा सांगाडा बदलला, कारण तेव्हा तो अजून ओला होता.

एवढ्याने शंका मिटत नाहीत, आणि त्या लटक्याही नाहीत. पहिली शंका गुप्ततेची. निर्यातबंदीची चाहूल आधी लागली तर व्यापारी माल रातोरात बंदरावर नेतील, साठेबाज साठा करतील, मग बंदीचा उपयोगच काय? हे अगदी खरे आहे. पण गुप्त ठेवायची असते ती वेळ. नियम गुप्त ठेवायचे कारण नाही. रिझर्व्ह बँक व्याजदर किती बदलणार हे आधी फोडत नाही, मात्र महागाई चार टक्क्यांच्या आसपास, दोन टक्के वरखाली, एवढी ठेवायची हे लक्ष्य २०१६ पासून उघड आहे आणि बैठकीच्या तारखाही. कांद्यासाठीही असा पट्टा आधी ठरवता येईल: किरकोळ भाव अमुक मर्यादेपलीकडे इतके आठवडे राहिला तर शुल्क, त्याहून पुढे गेला तरच बंदी, आणि भाव उतरल्यावर बंदी आपोआप उठणार. तो पट्टा ठरवताना लासलगाव-नेप्तीचा शेतकरी, अडत्या, मुंबईतली ग्राहक संघटना या सगळ्यांना वर्षभर आधी बसवता येते. मग पेरणी करतानाच शेतकऱ्याला जोखीम माहीत असते. आज त्याला ती वर्तमानपत्रातून कळते.

दुसरी शंका तज्ज्ञतेची. आयात-निर्यात, साठा, पोषण, यातले सामान्य माणसाला काय कळते? या प्रश्नाला नगर जिल्ह्याइतके चांगले उत्तर क्वचितच कुठे मिळेल. हिवरे बाजारची ग्रामसभा दरवर्षी पडलेला पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि आधी पिण्याचे पाणी बाजूला काढून मग कोणती पिके घ्यायची ते ठरवते. ऊस आणि केळी लावायची नाहीत, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हे निर्बंध त्या गावाने स्वतःवर घातले. पोपटराव पवारांचे नेतृत्व त्यामागे होते हे खरेच, पण नियम पाळले ते शेकडो कुटुंबांनी, आणि तेही ऊस-पट्ट्याच्या जिल्ह्यात. मर्यादित साधनात अन्न, पाणी आणि पैसा यांचा मेळ घालणे, हाच तर राष्ट्रीय अन्नधोरणाचा गाभा. दुसरीकडे, तज्ज्ञांचा आकडाही शेवटी शेतातूनच येतो. हमीभावाची शिफारस करणाऱ्या कृषिमूल्य आयोगाला महाराष्ट्रातल्या पिकांचा उत्पादनखर्च राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून जातो, आणि तो निवडक शेतकऱ्यांच्या वहीतल्या नोंदींवर उभा असतो. नोंदी पुरवणारा माणूस त्या नोंदींचा अर्थ लावताना मात्र खोलीत नको, असे म्हणणे विचित्रच.

तज्ज्ञांना न दिसणारी गोष्ट कोणती, हे पाहायचे तर ताटाकडे पाहावे. जामखेड, कर्जत, श्रीगोंदे, पाथर्डी हा रब्बी ज्वारीचा मुलूख. अकोले तालुक्याच्या डोंगरात नाचणी आणि वरई. बाजरीची भाकरी तर जिल्हाभर. रास्त भाव दुकानातून येतो तो बहुतेक गहू आणि तांदूळ. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याची तरतूद आहे, मूळ कायद्यात तर ते सर्वांत स्वस्त, एक रुपया किलो. म्हणजे कायद्याने दार ठेवले होते, त्यातून ज्वारी फारशी आत आली नाही, कारण खरेदीची सारी यंत्रणा गहू-तांदळाभोवती बांधलेली आहे. १९७२च्या दुष्काळात याच मुलखाने परदेशातून आलेली तांबडी मिलो खाल्ली. तेव्हा जीव वाचवायचा होता, आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. आज तशी वेळ नाही. जामखेडच्या बाईला विचारले, तर ती पाच किलोंत किती ज्वारी हवी ते सांगेल, शेतकऱ्याला ज्वारीचा हमीभाव दारात मिळेल आणि कडब्याने जनावरेही जगतील. हे तीन धागे एका घरात एकत्र येतात. सरकारात ते तीन वेगवेगळ्या खात्यांत असतात.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे, कारण ती लोकांविषयीच आहे. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? सभा बोलावली की पुढच्या रांगेत बागायतदार, सोसायटीचा अध्यक्ष, कारखान्याचा संचालक. याच जिल्ह्यात राहात्याचा ऊस उत्पादक आहे आणि पाथर्डी-शेवगावचा ऊसतोड मजूरही, जो दिवाळीनंतर कोयता घेऊन घर सोडतो आणि चार-सहा महिने फडावर कोपीत राहतो. साखर महाग झाली तर पहिल्याला सुख, दुसऱ्याला चटका. ग्रामसभा २६ जानेवारीला भरते, तेव्हा दुसरा गावात नसतो. सहभागाच्या नावाखाली बलवानांचाच आवाज मोठा होतो, ही तक्रार मी मान्य करतो. मात्र तिचे औषध सहभाग कमी करण्यात नाही, कारण बंद खोलीत तर बलवान आणखी सहज पोचतो. इथेनॉलचे आठ दिवस आठवा. औषध रचनेत आहे: कोणाच्या जागा राखीव, सभा कधी, इतिवृत्त कोण लिहिणार. अन्नसुरक्षा कायद्यानेच ही दिशा दिली आहे. त्याच्या २८व्या कलमात सामाजिक अंकेक्षण आहे, २९व्यात राज्यापासून प्रत्येक रास्त भाव दुकानापर्यंत दक्षता समिती, आणि तिच्यावर महिला, अनुसूचित जाती-जमाती, निराधार आणि अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व. या समित्यांना आज वाटपावर लक्ष ठेवण्याचे काम आहे. काय वाटायचे, हे सुचवण्याचे नाही. तेवढा एक अधिकार वाढवला, आणि ऊसतोड कामगारांसाठी सभा मे-जूनमध्ये घेतली, तरी चित्र बरेच पालटेल.

निवडणुका असताना हा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. मतपेटी सरकार बदलते. कांद्याच्या शुल्काचा दर ठरवायला ती फार बोथट हत्यार आहे. २०२४च्या मे महिन्यात बंदी मतदानाच्या तोंडावर उठली आणि तिच्या जागी ४० टक्के शुल्क आले. पुढे ते २० टक्के झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. या प्रत्येक पायरीमागचा हिशोब मतदाराला कधी दाखवला गेला नाही.

ब्राझीलने या बाबतीत बरेच पुढचे पाऊल टाकले होते. तिथल्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा परिषदेत, ‘कोन्सेआ’त, दोन तृतीयांश सदस्य सरकारबाहेरचे असत आणि ती थेट राष्ट्राध्यक्षांना सल्ला देई. तिच्या पाठपुराव्याचे फळ म्हणून २००९च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदीवर खर्च करणे बंधनकारक झाले. शाळेतले पोर आणि गावातला शेतकरी यांची सांगड घालण्याची कल्पना तिथल्या संघटना आधीपासून लावून धरत होत्या. पण जानेवारी २०१९ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी कारभार हाती घेतला आणि पहिल्याच दिवशी परिषद मोडली. ती २०२३ मध्ये परत आली. मधल्या काळातही ३० टक्क्यांचा कायदा टिकून राहिला. परिषद हुकमाने जाते, कायदा तसा जात नाही, एवढी खूणगाठ आपणही बांधायला हरकत नाही. महाराष्ट्रात शालेय पोषण आहारातले अंडे २०२३च्या अखेरीस सरकारी आदेशाने आले आणि जानेवारी २०२५ मध्ये आदेशानेच त्याचा निधी थांबला. हवे असल्यास शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून द्यावे, असे सांगण्यात आले. अंडे द्यावे की नाही हे ठरवताना पालकांना कोणी विचारले नव्हते. पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा लोकसहभाग आठवला.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा जाहीर केला आणि ११ डिसेंबरपर्यंत हरकती मागवल्या. महिनाभर का होईना, प्रश्न अजून घडत असताना विचारणा झाली, ही कृषी कायद्यांपेक्षा नक्कीच बरी रीत. आता पाहायचे ते हे की आलेल्या हरकती रमेश यांच्या अहवालासारख्या छापल्या जातात का, कोणती सूचना घेतली आणि कोणती का नाकारली हे लिहिले जाते का, आणि पुढचा मसुदा मराठीत, कोंभाळण्याच्या ग्रामपंचायतीत, खरिपाची धांदल नसलेल्या महिन्यात पोचतो का.